‘प्रोबेशनवर सुटलो, मग फॉर्ममध्ये काय लिहू?’

सांगली जिल्ह्यातल्या एका २६ वर्षांच्या वाचकाचं पत्र आलं आहे. बांधाच्या वादातून २०२१ साली चुलतभावाशी मारामारी झाली. खोऱ्याचा दांडा लागून त्याच्या हाताला टाके पडले. भारतीय दंड संहितेच्या कलम ३२४ (हत्याराने दुखापत) खाली खटला चालला, तालुक्याच्या कोर्टाने याला दोषी धरलं, पण तुरुंगात न पाठवता दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडलं. मामा जामीनदार आहेत. परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी महिन्यातून एकदा हजेरी घेतात. १४ महिने झाले.

आता चाकणच्या एका कंपनीत फिटरची नोकरी मिळते आहे, पुढच्या महिन्यात हजर व्हायचं आहे. वकील म्हणाले, “जा खुशाल, कोण बघतंय?” कंपनीच्या फॉर्मवर ‘तुम्हाला कधी न्यायालयाने दोषी ठरवले आहे का?’ असा प्रश्न आहे. गावातले जाणते सांगतात, “प्रोबेशन म्हणजे निर्दोषच, ‘नाही’ लिही.” भावाने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात प्रोबेशनवरच्या माणसाला मत देता येत नाही, जिल्हा सोडता येत नाही, असं सांगितलं होतं. पोलीस भरतीचं स्वप्न होतं, पुढेमागे दुबईला जाण्यासाठी पासपोर्टही काढायचा होता. मामांनी एक स्थळ आणलं आहे. आणि चुलतभाऊ अजून बांधावर येऊन डिवचतो. पत्राचा शेवट असा आहे: “मी सुटलो की अडकलो, हेच मला कळत नाही.”

तुमचं शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. तुम्ही आज नेमके कुठे उभे आहात ते आधी पाहू. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातूनच निघतात.

तुम्ही निर्दोष सुटलेले नाही. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ४ खाली कोर्ट आधी माणसाला दोषी ठरवतं आणि मग लगेच शिक्षा सुनावण्याऐवजी बाँडवर सोडतं. बाँडची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असू शकते. त्या मुदतीत कोर्टाने बोलावलं तर हजर व्हायचं आणि शिक्षा ऐकायची, असं तुम्ही लिहून दिलेलं आहे. म्हणजे दोष लागला आहे, शिक्षा मात्र सुनावलेली नाही. गावातल्या जाणत्यांची गफलत इथे होते. त्यांना शिक्षा दिसत नाही, म्हणून दोषही नाही असं वाटतं. तुमची गफलत उलट बाजूची आहे. दोष लागला म्हणजे सगळी दारं बंद झाली, असं तुम्ही धरून चालला आहात.

आपल्याकडच्या कायद्यांतल्या बहुतेक अपात्रता शिक्षेला जोडलेल्या आहेत, नुसत्या दोषाला नाहीत. लोकप्रतिनिधित्व कायद्याची सर्वसाधारण अपात्रता दोन वर्षं किंवा अधिक तुरुंगवासाची शिक्षा झाली तर लागते. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात तीच मर्यादा सहा महिन्यांच्या शिक्षेची आहे. पासपोर्ट कायद्यातही दोन वर्षांच्या शिक्षेचा उल्लेख आहे. तुम्हाला एका दिवसाचीही शिक्षा झालेली नाही. वर त्याच १९५८ च्या कायद्याचं कलम १२ सांगतं की कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या माणसाला, दुसऱ्या कोणत्याही कायद्याने दोषसिद्धीला जोडलेली अपात्रता लागणार नाही. हे संरक्षण कायदा स्वतःच देतो, निकालपत्रात वेगळं लिहिलेलं नसलं तरी चालतं. पण त्याला एक अट आहे. बाँड मोडला म्हणून पुढे मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावली गेली, तर कलम १२ चं संरक्षण जातं.

म्हणून तुम्हाला खरा धोका दोनच गोष्टींचा आहे: मोडलेली अट आणि खोटं उत्तर.

व्हिडिओचं आधी निपटून टाकू. तो बहुधा अमेरिकेतल्या ‘फेलनी’बद्दल असावा. तिथे काही राज्यांत गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला प्रोबेशन संपेपर्यंत मत देता येत नाही, आणि देखरेखीखाली असताना परवानगीशिवाय राज्याबाहेर जाता येत नाही. भारतात मतदानाची बंदी तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असलेल्यांना आहे. तुम्ही बाहेर आहात आणि तुमचं नाव यादीत आहे, तर तुम्ही मत देऊ शकता. जिल्हा सोडण्यावरही आपल्या कायद्यात सरसकट बंदी नाही. बंदी असेल तर ती तुमच्या बाँडमध्ये असते. म्हणून तो बाँड वाचणं भाग आहे.

निकालाची आणि बाँडची सहीशिक्क्याची नक्कल तुमच्याकडे आहे का? पत्रात तिचा उल्लेख नाही. नसेल तर ज्या कोर्टाने निकाल दिला तिथल्या नक्कल विभागात अर्ज करा. खटल्याचा क्रमांक (आर.सी.सी. नंबर), वर्ष, पक्षकारांची नावं आणि निकालाची तारीख लागेल. दोन-तीन प्रती एकदमच काढा, पुढे लागत राहतात. नक्कल हातात आली की त्यात चार गोष्टी शोधा: बाँडची मुदत कोणत्या तारखेला संपते, देखरेखीचा वेगळा आदेश आहे का आणि तो किती काळाचा, राहण्याच्या ठिकाणाची किंवा दारू न पिण्याची अट आहे का, आणि कलम ५ खाली जखमीला भरपाई द्यायची होती का. भरपाई बाकी असेल तर आधी भरा आणि पावती जपून ठेवा. ती दंडासारखी वसूल होऊ शकते, आणि थकलेली भरपाई तुमच्या पुढच्या प्रत्येक अर्जाच्या आड येईल.

आता चाकण. तुम्ही महिन्याला हजेरी देता, त्या अर्थी तुमच्यावर देखरेखीचा आदेश आहेच. “कोण बघतंय” हा वकिलांचा सल्ला ऐकू नका. एखाद्या महिन्याला तुम्ही हजर राहिला नाहीत, घरी चौकशीला आल्यावर सापडला नाहीत, की अधिकारी कोर्टाला अहवाल देतात. कोर्ट तुम्हाला आणि मामांनाही समन्स काढू शकतं, किंवा थेट वॉरंट. कलम ९ खाली कोर्ट मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावू शकतं. पहिलीच चूक असेल तर बाँड कायम ठेवून ५० रुपयांपर्यंत दंडावर भागवण्याची मुभाही कोर्टाला आहे, पण ती कोर्टाची मर्जी आहे. तिच्या भरवशावर सामान बांधू नका.

सरळ रस्ताही काही अवघड नाही. कलम ८ प्रमाणे बाँडच्या अटी कोर्ट बदलू शकतं, आणि त्यासाठी परिविक्षा अधिकाऱ्यांनी कोर्टात अर्ज करायचा असतो. पुष्कळ लोक इथेच अडखळतात. वकिलामार्फत थेट अर्ज टाकतात, तो अधिकाऱ्यांच्या अभिप्रायासाठी परत येतो, आणि तोवर नोकरीची तारीख उलटते. तुम्ही आधी अधिकाऱ्यांकडे जा. एका साध्या अर्जात लिहा की अमुक कंपनीत अमुक तारखेपासून नोकरी मिळत आहे, राहण्याचा नवा पत्ता हा, मोबाइल नंबर हा, आणि हजेरी महिन्याच्या अमुक दिवशी देता येईल. सोबत नेमणुकीचं पत्र, भाडेकरार किंवा ज्यांच्याकडे राहणार त्यांचं संमतीपत्र, आणि आतापर्यंतच्या हजेऱ्यांची नोंद जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. देखरेख पुणे जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांकडे देता येते. अधिकारी बदलून नेमण्याचा अधिकार कोर्टाला आहे, आणि तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनाही आहे. कोर्टाचा आदेश हातात येईपर्यंत मुक्काम हलवू नका. कंपनीला हजर होण्याची तारीख दोन-तीन आठवडे पुढे मागता येते का, तेही आजच विचारून ठेवा.

अधिकाऱ्यांबद्दल तुम्ही ‘हजेरी घेतात’ एवढंच लिहिलं आहे, जणू ते पहारेकरी आहेत. कायद्याने त्यांच्यावर देखरेखीबरोबर दुसरंही काम सोपवलं आहे: गरज असेल तिथे नोकरी मिळवून देण्याचा प्रयत्न करणं. तुम्ही स्वतःच नोकरी शोधून आणली आहे. तुमच्या वागणुकीचा याहून चांगला पुरावा त्यांना क्वचितच मिळत असेल.

याच भेटीत आणखी एक गोष्ट विचारा. वागणूक चांगली असल्यामुळे आता देखरेखीची गरज उरली नाही, असं कोर्टाला पटलं तर बाँड मुदतीआधीच रद्द होऊ शकतो. हा अर्जही अधिकाऱ्यांनीच करायचा असतो. देखरेख निदान एक वर्षाची असावी लागते आणि तुमचे १४ महिने झाले आहेत, त्यामुळे विचारायला हरकत नाही. माझं मत विचाराल तर आधी पत्ता बदलून घ्या, बाँड रद्द करण्याचा विषय दुसऱ्या टप्प्यावर ठेवा. भाऊबंदकीचा वाद अजून धुमसतो आहे हे अधिकाऱ्यांना ठाऊक असणार, त्यामुळे मुदतीआधी मोकळं करायला ते कचरतील. पत्ता बदलण्याला तशी अडचण नाही. उलट तुम्ही त्या बांधापासून दूर जाता, हे त्यांनाही बरंच वाटेल.

फॉर्मबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण प्रोबेशनवर सुटलेली बरीच मुलं इथेच फसतात. प्रश्न शब्दशः वाचा आणि विचारलं आहे तेवढ्याचंच खरं उत्तर द्या. ‘तुमच्यावर फौजदारी खटला प्रलंबित आहे का?’ याचं तुमचं उत्तर ‘नाही’, कारण खटला निकाली निघाला आहे (कुणी अपील केलं असेल तर मात्र ‘होय’). ‘दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झाली आहे का?’ याचंही ‘नाही’. पण ‘कधी दोषी ठरवले आहे का?’ याचं उत्तर ‘होय’च. सरकारी नोकरीच्या साक्षांकन नमुन्यात (पडताळणीसाठी उमेदवाराकडून भरून घेतात त्या फॉर्ममध्ये) तर अटक, खटला, दंड, दोषसिद्धी आणि बाँडवर बांधून घेणं, हे सगळं वेगवेगळं विचारलेलं असतं. तिथे पळवाट शोधू नका. एखाद्या खासगी मालकाने काहीच विचारलं नसेल तर आपणहून सांगितलंच पाहिजे, असा सर्वसाधारण कायदा नाही. तुम्हाला मात्र विचारलेलं आहे.

‘होय’ला खूण करून पुढची जागा मोकळी सोडलीत तर वाचणाऱ्याच्या मनात खुनापासून चोरीपर्यंत सगळं येतं. म्हणून खाली किंवा वेगळ्या कागदावर एवढं लिहा:

“गुन्हा र. क्र. ___/२०२१, पोलीस ठाणे ___, भा.दं.वि. कलम ३२४. शेताच्या बांधावरून नातेवाइकाशी झालेल्या वादातील प्रकरण. आर.सी.सी. क्र. ___ मध्ये प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, ___ यांनी दि. ___ रोजी दोषी ठरवून, शिक्षा न देता, अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ च्या कलम ४ अन्वये दोन वर्षांच्या बंधपत्रावर सोडले. बंधपत्राची मुदत दि. ___ रोजी संपते. अटींचे पालन चालू आहे. आदेशाची प्रत सोबत जोडली आहे.”

याहून जास्त लिहू नका. चूक कुणाची होती, चुलते कसे आहेत, हे फॉर्मवर नको.

खरं लिहून नोकरी गेली तर? जाऊ शकते, तशी शक्यता आहे. खासगी कंपनी तुम्हाला नाकारू शकते, कलम १२ तिला नोकरी द्यायला भाग पाडत नाही. पण खोटं लिहून मिळालेली नोकरी कधीही जाऊ शकते, तीही बदनामी होऊन. कोर्टातल्या खटल्यांची माहिती ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर नावाने शोधता येते, आणि पडताळणी करणाऱ्या एजन्सी तेच करतात. दोन वर्षांनी कायम होताना हे उघड झालं, तर तेव्हा कारण बांधाची मारामारी हे नसेल, फसवणूक हे असेल. आजच मनुष्यबळ विभागातल्या माणसाला भेटून, आदेशाची प्रत पुढे ठेवून सांगितलंत, तर निदान तुमची बाजू तुमच्या तोंडून ऐकली जाईल.

पोलीस भरतीचं मी स्पष्टच सांगतो. कलम १२ मुळे तुम्ही आपोआप अपात्र ठरत नाही. पण अपात्र नसणं आणि योग्य ठरणं यांत फरक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या चेल्लप्पन प्रकरणात सांगितलं की प्रोबेशनवर सोडल्याने दोषसिद्धी पुसली जात नाही. २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात न्यायालयाने म्हटलं की उमेदवाराने सगळं खरं सांगितलं तरी त्याची पार्श्वभूमी तपासण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्याकडे राहतो, आणि लपवलं तर त्या कारणानेच नेमणूक रद्द होऊ शकते. हत्याराने दुखापतीचा गुन्हा आणि पोलीस खातं, ही जोडी जुळणं कठीण आहे. बाँड चालू असताना तर फारच कठीण. फॉर्म भरायचाच असेल तर खरं लिहून भरा, पण त्या आशेवर चाकणची नोकरी सोडू नका. जे आधीच सरकारी नोकरीत आहेत आणि प्रोबेशनवर सुटले आहेत, त्यांनीही ध्यानात ठेवावं की खातं त्या वर्तनाबद्दल कारवाई करू शकतं. मात्र ती कारवाई प्रमाणाबाहेर नसावी. १९८५ च्या शंकर दास प्रकरणात प्रोबेशनवर सुटलेल्या रोखपालाची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली आणि त्याला मागच्या पगारासह कामावर घ्यायला लावलं.

पासपोर्टचा प्रश्न त्यामानाने हलका आहे. मागच्या पाच वर्षांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरून दोन वर्षं किंवा अधिक शिक्षा झालेली असेल, किंवा खटला प्रलंबित असेल, तर पासपोर्ट नाकारता येतो. तुमच्या बाबतीत, अपील नसेल तर, यातलं काही नाही. तरी पोलीस पडताळणीत जुना गुन्हा निघेल आणि अर्ज अडकेल, म्हणून निकालाची नक्कल तयार ठेवा. पासपोर्टच्या अर्जात खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि पासपोर्ट मिळाला म्हणजे लगेच जाता येईल असं नाही. बाँड चालू असेपर्यंत कोर्टाच्या परवानगीशिवाय देश सोडू नका. दुबईचा विचार बाँड संपल्यावर करा, तेव्हा पोलीस क्लिअरन्स मागतील ते आणि व्हिसाच्या फॉर्मवरचे प्रश्नही याच पद्धतीने हाताळा.

आता बांध. तुमच्या पत्रात ही ओळ शेवटाकडे आली आहे, मला मात्र सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. चुलतभावाला कळलं असेल की तुमचा एक हात बांधलेला आहे. तुम्ही त्याला नुसतं ढकललंत तरी पोलीस ठाण्यात दोन्हीकडून तक्रारी होतील, आणि कोर्टासमोर प्रश्न फक्त तुमच्या बाँडचा असेल. बाँड संपेपर्यंत त्या बांधावर तुम्ही जाऊच नका, पाळीपाणी दुसऱ्या कुणाला बघू द्या. तो डिवचतो तेव्हा तारीख, वेळ, कोण हजर होतं हे लिहून ठेवा आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. त्याची एक प्रत परिविक्षा अधिकाऱ्यांनाही द्या, म्हणजे उद्या काही घडलं तर आधीचा कागद असेल. आणि मूळ दुखण्यावर औषध करा. तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज वडिलांच्या नावाने द्या. मोजणीच्या दिवशीही तुम्ही शेतात नसलेलं बरं.

तुमच्यासारख्या इतरांसाठी थोडं. निकाल मान्य नसेल तर प्रोबेशनच्या आदेशाविरुद्धही अपील होतं, सत्र न्यायालयात साधारण ३० दिवसांच्या आत. शिक्षा नाही म्हणून गप्प बसायचं आणि नोकरीच्या वेळी निकाल चूक होता म्हणायचं, याचा उपयोग होत नाही. गुन्ह्याच्या दिवशी वय १८ च्या आत होतं, पण खटला मोठ्यांच्या कोर्टात चालला, असं असेल तर तो मुद्दा निकालानंतरही मांडता येतो. बालन्याय कायद्यात अपात्रता तर जातेच, ठरावीक काळाने नोंदीही नष्ट करण्याची तरतूद आहे, अतिगंभीर गुन्ह्यांचा अपवाद सोडून. मोठ्यांच्या बाबतीत तशी नोंद पुसण्याची सोय आपल्याकडे नाही. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालच्या गुन्ह्यात १८ वर्षांवरील आरोपीला प्रोबेशनचा लाभच मिळत नाही, तेव्हा तशी आशा कुणी दाखवली तर सावध राहा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा किंवा १५१०० वर फोन करा.

बाँडची मुदत आपोआप संपते, पण कागद आपोआप मिळत नाही. शेवटच्या महिन्यात अधिकाऱ्यांकडे, देखरेखीचा काळ समाधानकारक पार पडल्याचं लेखी मागा, आणि ते निकालाच्या नकलेसोबत एकाच पाकिटात ठेवा. पुढची दहा वर्षं ते पाकीट लागेल.

स्थळाचं तुम्ही संकोचून विचारलं आहे. साखरपुड्याआधी सांगा, आणि आधी त्या मुलीला सांगा, तुमच्या तोंडून. गावात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तिच्या घरी ती आज ना उद्या पोचणारच. कुणाच्या तोंडून पोचावी, एवढंच तुमच्या हातात आहे. वर फॉर्मसाठी जे लिहिलं तेवढंच तिला सांगितलंत तरी पुरे, आणि बाँड कधी संपतो ती तारीखही सांगा. ती नाही म्हणाली तर तो तिचा हक्क आहे.

आणि हे सगळं करायच्या आधी मामांकडे जा. बाँडवर त्यांची सही आहे, अटी बदलायच्या तर कोर्ट त्यांनाही विचारेल. त्यांनी संमती दिली नाही तर तुम्हाला नवा बाँड द्यावा लागेल, आणि तो देता आला नाही तर शिक्षेपर्यंत गोष्ट जाऊ शकते. कोर्टाची नोटीस हातात पडल्यावर चाकणचं त्यांना कळलं, असं होऊ देऊ नका. या रविवारीच भेटा, नेमणुकीचं पत्र सोबत न्या.